नवा कॉम्प्युटर जोडला, ऑपरेटिंग सिस्टिम घालताना अडकलोय

हौशी_गवंडी | शनिवार, रात्री ११:४२

मंडळी, तयार डबा आणून प्लग लावण्यापलीकडे आजवर माझी मजल नव्हती. या वेळी हट्टाने सगळं सुटं घेतलं आणि दोन दिवस जमिनीवर पसारा मांडून स्वतः जोडलं. बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. तीनेक मिनिटं मी श्वास रोखून बसलेलो. बटण दाबून बंद करणार तेवढ्यात बोर्डाचं चिन्ह उमटलं आणि जीव भांड्यात पडला.

आनंद तिथेच संपला. लॅपटॉपवर विंडोज ११ ची आयएसओ फाइल उतरवली, ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली, पेनड्राइव्ह नव्या मशीनला लावला. बोर्ड काही ऐकत नाही, दर वेळी बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या पडद्यावर नेऊन सोडतं. तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला की फाइल व्यवस्थित दिसते. तीनदा नव्याने कॉपी करून झालं.

माहिती म्हणून सांगतो, डिस्क दोन आहेत. नवी १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डात खोचायची एसएसडी) बसवलीय. शिवाय जुन्या कॉम्प्युटरमधली २५६ जीबीची साटा एसएसडी (केबलने लावायची) जोडलीय. तिच्यावर जुनं विंडोज १० अजून आहे. फोटो वगैरे दुसरीकडे ठेवलेत, त्यामुळे ती पुसली तरी चालेल. एनव्हीएमईचा तो मुंगीएवढा स्क्रू बसवताना दोनदा हरवला होता, तो राग वेगळाच.

काय चुकतंय?

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:५८

काळ्या स्क्रीनचं आधी सांगतो, कारण नेमक्या त्याच तीन मिनिटांत लोक घाबरून बटण दाबतात आणि बोर्ड खराब निघालं म्हणून परत करायला निघतात. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिचं 'ट्रेनिंग' करतं. सिग्नल किती व्होल्टेजला आणि किती वेळाने नीट पोचतो, हे चाचपडत बसतं. रॅम जास्त असेल तर वेळही जास्त. सापडलेले आकडे मग ते लक्षात ठेवतं. बायोस अपडेट केलं किंवा बोर्डाचा सेल काढला की पुन्हा पहिल्यापासून तोच खेळ, तेव्हा त्या वेळी दचकू नका.

आता पेनड्राइव्ह. आयएसओ म्हणजे आख्ख्या डीव्हीडीची प्रतिकृती असते. ती पेनड्राइव्हवर तशीच ठेवली तर बोर्डाच्या दृष्टीने ती इतर फाइलींसारखीच एक फाइल. बोर्ड शोधत असतं ईएफआय नावाचं फोल्डर, त्याच्या आत बूट नावाचं फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ नावाची एक चिमुकली फाइल. ती सापडली तर पुढची हालचाल. आणि हे शोधणं बहुतेक बोर्डांना फक्त एफएटी पद्धतीने फॉरमॅट केलेल्या जागेतच जमतं.

लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवा, ते सगळं स्वतः मांडून देतं. किंवा रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरा, त्यात तुमची उतरवलेली आयएसओच कामाला येईल. दोन्हींत पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हे ध्यानात असू द्या.

चिमटा | रविवार, रात्री १२:०३

थोडक्यात, नोकराला दारात उभं करायचं होतं, तुम्ही त्याला गाठोड्यात बांधून ठेवलंत. आणि तीनदा गाठ सोडून परत मारलीत. हलकेच घ्या.

कुतूहल | रविवार, रात्री १२:१०

मग आयएसओवर डबल क्लिक करून ती उघडली आणि आतल्या फाइली पेनड्राइव्हवर ओढल्या तर चालेल ना? सॉफ्टवेअर कशाला हवं मध्ये?

रात्रपाळी | रविवार, रात्री १२:१९

ताई, प्रश्न रास्त आहे. लिनक्सच्या बऱ्याच आयएसओंना हे चालतंही. विंडोजची अडचण एका फाइलीत आहे. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, आणि विंडोजच्या आयएसओत सोर्सेस फोल्डरमधली 'इन्स्टॉल' नावाची फाइल एकटीच त्याहून मोठी असते. बाकी सगळं कॉपी होईल आणि नेमकं घोडं तिथे अडेल. मीडिया क्रिएशन टूल तीच फाइल आणखी दाबून बसवलेल्या रूपात आणतं. रुफस दुसरी युक्ती करतं. मुख्य जागा एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीची ठेवतं आणि शेजारी एक इवलासा एफएटी विभाग करतं, त्यात एनटीएफएस वाचायला शिकवणारा ड्रायव्हर असतो. बोर्ड आधी तो वाचतं, मग पुढचं. मला तरी ही कल्पना फार आवडते.

खटपट्या | रविवार, रात्री १२:२६

गवंडी, पेनड्राइव्ह होईपर्यंत बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करून घे. एएमडीचं बोर्ड असेल तर त्याला एक्स्पो म्हणतात. नाहीतर महागातली रॅम घेऊन तिला रांगत ठेवशील. मी जोडलेल्या प्रत्येक मशीनवर पहिलं काम हेच करतो.

रात्रपाळी | रविवार, रात्री १२:३१

अजिबात नाही! म्हणजे करा, पण इन्स्टॉल झाल्यावर. एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्या मूळ ठरलेल्या वेगापेक्षा पळवणं. बहुतेक वेळा चालतं. न चाललं तर ते कधी धडपणे सांगत नाही. माझ्या एका मशीनवर इन्स्टॉलर दोनदा ६० टक्क्यांच्या पुढे जाऊन 'फाइल खराब आहे' म्हणून थांबला. मी पेनड्राइव्ह बदलला, आयएसओ बदलली, डिस्कवर संशय घेतला. शेवटी एक्सएमपी बंद केलं तेव्हा गुमान बसलं. आधी मूळ वेगावर इन्स्टॉल करा, मग एक्सएमपी लावा आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवा. एक जरी चूक आली तरी वेग उतरवा.

खटपट्या | रविवार, रात्री १२:३४

तुझी रॅम फडतूस असेल. मला कधी अडचण आली नाही.

जुनाखोड | रविवार, सकाळी ६:१२

धागा आत्ता पाहिला. गवंडीभाऊ, पेनड्राइव्ह तयार झाला असेल तर लावायच्या आधी एकच गोष्ट करा. मशीन बंद करून जुन्या एसएसडीची साटा केबल उपसा. ज्या डिस्कवर घालायचंय तेवढीच जोडलेली ठेवा. बाकी सगळं नंतर.

कारण विचारलंत तर सविस्तर सांगेन, आत्ता फिरायला जायचंय.

हौशी_गवंडी | रविवार, सकाळी ९:३५

रात्रपाळी, दंडवत घ्या. रुफसने पेनड्राइव्ह केला, रात्री दीडला इन्स्टॉलर दिसला. विंडोज ११ बसलं आहे, त्याच्यावरूनच लिहितोय!

मधल्या गमती सांगतो. डिस्क निवडायच्या पडद्यावर मी आधी नीट न बघता वरच्या ओळीवर क्लिक केलं होतं, ती जुनी डिस्क निघाली. आकारावरून लक्षात आलं. मग 'डिस्क १, न वाटलेली जागा, ९३१ जीबी' अशी ओळ निवडली. १ टीबी सांगून ९३१ का दाखवतं याचा विचार करायची ती वेळ नव्हती.

फाइली कॉपी झाल्या, मशीन स्वतःहून रीस्टार्ट झालं आणि पुन्हा पहिल्यापासून 'भाषा निवडा'. मी परत सगळं केलं. परत रीस्टार्ट, परत 'भाषा निवडा'. तिसऱ्या खेपेला उजेड पडला की पेनड्राइव्ह लावलेला असल्यामुळे ते त्याच्यावरूनच सुरू होतंय. काढला, मग पुढे सरकलं.

त्यानंतर 'नेटवर्कला जोडा' या पडद्यावर अडकलो. वायफायची यादी रिकामी, वगळायची सोय नाही. शेवटी फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट दिलं, ते लगेच ओळखलं.

खोडकाका, तुमचा प्रतिसाद आत्ता वाचला. जुनी डिस्क जोडलेलीच होती. पण चाललंय की सगळं!

चिमटा | रविवार, सकाळी ९:४१

तीनदा कॉपी, तीनदा भाषा. गवंडीभाऊंचा तीन या आकड्यावर जीव आहे.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ९:५०

अभिनंदन! नेटवर्कची अडचण नव्या बोर्डांवर नेहमीची आहे. वायफायची चिप नवी, इन्स्टॉलर तिच्या आधी बांधलेला, त्याच्याकडे तिचा ड्रायव्हर नसतो. बोर्डाच्या साइटवरून लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर टाकून ठेवावेत. इंटरनेट आणि खातं टाळून पुढे जायच्या ज्या युक्त्या होत्या, त्या मायक्रोसॉफ्ट एकेक करून बंद करतंय, त्यांच्या भरवशावर राहू नका.

वाचणाऱ्या इतरांसाठी: इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या काही मशीनवर इन्स्टॉलरला एनव्हीएमई दिसतच नाही. डिस्क गेली असं वाटतं. बायोसमध्ये व्हीएमडी नावाचा पर्याय चालू असतो, तो बंद करा किंवा त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरला दाखवा.

बिनतारी | रविवार, सकाळी १०:१५

सगळे विंडोजच घालायचं असं गृहीत धरून चाललेत म्हणून विचारतो. लिनक्स का नाही? मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं की काहीही न घालता आख्खी सिस्टिम समोर चालते. वायफाय, आवाज, ग्राफिक्स सगळं तपासा, पटलं तर 'इन्स्टॉल' दाबा, नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा. नव्या मशीनचे सुटे भाग धड आहेत का हे बघायलासुद्धा याहून बरी सोय नाही. आणि त्या २५६ जीबीच्या डिस्कवरच्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, ते ठेवून करणार काय?

खटपट्या | रविवार, सकाळी १०:२२

आला लिनक्सवाला. आता संध्याकाळपर्यंत हेच.

हौशी_गवंडी | रविवार, सकाळी ११:०५

भांडू नका, कल्पना आवडली. नाहीतरी जुनी डिस्क मोकळी करायचीच होती. ती पूर्ण पुसून तिच्यावर मिंट टाकतो.

पण एक विचित्र प्रकार. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या डिस्कवरचे बाकी विभाग उडवले, सुरुवातीचा १०० एमबीचा एक विभाग मात्र हटत नाही. उजवं क्लिक केलं तर 'हटवा' राखाडी. एवढ्याशा तुकड्याला काय सोनं लागलंय?

खटपट्या | रविवार, सकाळी ११:१२

डिस्कपार्ट वापर, आज्ञा लिहून डिस्क हाताळायचं विंडोजमधलंच साधन. डिस्क निवडायची आणि 'क्लीन' म्हणायचं. एका शब्दात डिस्क कोरी.

हौशी_गवंडी | रविवार, सकाळी ११:२०

केलं. म्हणतंय की या डिस्कवर 'क्लीन' करायला परवानगी नाही, कारण तिच्यावर सध्याचा बूट, सिस्टिम, पेजफाइल वगैरेंपैकी काहीतरी आहे. पण विंडोज तर दुसऱ्या डिस्कवर आहे ना?

खटपट्या | रविवार, सकाळी ११:२४

विंडोज उगाच भाव खातं. इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून बूट कर, पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाब, काळी खिडकी येईल. तिथे तेच कर. तिथे अडवायला कोणी नाही.

हौशी_गवंडी | रविवार, दुपारी १२:४८

फोनवरून लिहितोय. 'क्लीन' झालं, एका सेकंदात. मग रीस्टार्ट केलं. आता विंडोज येतच नाही. सरळ बायोस उघडतं. बूटच्या यादीत काल 'विंडोज बूट मॅनेजर' होतं ते गायब. एनव्हीएमई बायोसमध्ये दिसतेय. मी चुकून तीच तर नाही ना पुसली??

चिमटा | रविवार, दुपारी १२:५१

खटपट्या, 'अडवायला कोणी नाही' हे वाक्य फ्रेम करून लावा.

जुनाखोड | रविवार, दुपारी १:३०

गवंडीभाऊ, आधी पाणी प्या. तुमचं विंडोज जागच्या जागी आहे, फक्त घराची किल्ली शेजारच्या खोलीत होती आणि तुम्ही ती खोलीच पाडलीत.

काय झालं ते सांगतो. इन्स्टॉलर सुरू झाला तेव्हा त्याला दोन डिस्क दिसल्या. एक कोरी, दुसरीवर जुन्या विंडोजचा ईएफआय विभाग तयार. तुम्ही विंडोज नव्या डिस्कवर घालायला सांगितलंत, ते त्याने ऐकलं. पण बूटच्या फाइली ठेवायला तयार जागा सापडली म्हणून त्या टाकल्या जुन्या डिस्कवर. न विचारता आणि न सांगता. रोज मशीन सुरू होताना बोर्ड आधी जुन्या डिस्कवर जायचं, तिथून नव्या डिस्कवरचं विंडोज उठवायचं. तुम्हाला ते कळायचं काही कारण नव्हतं. तुम्ही हटवू पाहत होतात तो १०० एमबीचा तुकडा म्हणजे तोच. 'हटवा' राखाडी होतं ते त्यासाठी, आणि डिस्कपार्ट नको म्हणत होतं तेही त्यासाठी.

खात्री करून घेऊ. पेनड्राइव्हवरून परत बूट करा, शिफ्ट एफ१०, डिस्कपार्ट. 'लिस्ट डिस्क' लिहा, आकडे पाहून ९३१ जीबीची डिस्क निवडा. क्रमांकावर विश्वास ठेवू नका, तो प्रत्येक बूटला बदलू शकतो, आकार बदलत नाही. मग 'लिस्ट पार्टिशन'. जे दिसेल ते इथे लिहा. बाकी काही दाबू नका.

हौशी_गवंडी | रविवार, दुपारी १:५५

तीन ओळी आहेत. रिझर्व्हड १६ एमबी, प्रायमरी ९३० जीबी, रिकव्हरी साधारण ७०० एमबी.

जुनाखोड | रविवार, दुपारी २:०४

हेच वाटलं होतं. नुसती ही एक डिस्क लावून घातलं असतंत तर 'सिस्टिम' नावाची चौथी ओळ असती, १०० एमबीची किंवा थोडी मोठी. ती नाही. म्हणजे विंडोज आहे, बूट नाही. आता ती ओळ आपण हाताने करू.

मोठा ९३० जीबीचा विभाग निवडा. 'श्रिंक' आज्ञेने त्यातून ३०० एमबी काढा. मोकळ्या झालेल्या जागेत 'क्रिएट पार्टिशन ईएफआय', आकार ३०० द्या. त्याला एफएटी३२ मध्ये क्विक फॉरमॅट करा आणि 'असाइन'ने एस हे अक्षर द्या. डिस्कपार्टमधून बाहेर या.

मग बीसीडीबूट नावाची आज्ञा. तिला तीन गोष्टी सांगायच्या: विंडोजचं फोल्डर कुठे आहे, बूटच्या फाइली कुठल्या अक्षरावर टाकायच्या (एस) आणि यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीने. आज्ञेपुढे प्रश्नचिन्ह दिलं की लिहायची रीत तीच दाखवते. पण त्याआधी 'डीआयआर' ही यादी दाखवणारी आज्ञा लिहून विंडोजचं फोल्डर कुठल्या अक्षरावर आहे ते डोळ्यांनी पाहा. या काळ्या खिडकीत सी म्हणजे नेहमीचं सी असेलच असं नाही.

रात्रपाळी | रविवार, दुपारी २:११

काका सांगतायत ते करण्याआधी एक. डिस्क एन्क्रिप्ट झालेली असेल तर हे असं जमणार नाही, आधी ४८ आकडी रिकव्हरी की देऊन कुलूप उघडावं लागेल. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की हे कुलूप बऱ्याच मशीनवर आपोआप लागतं. की त्या खात्यात जमा असते, फोनवरून बघता येते. गवंडी, बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टिम सुरू होऊ देणारा पर्याय) चालू होतं का?

हौशी_गवंडी | रविवार, दुपारी २:१५

बंद आहे. टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) तेवढं चालू दिसतंय.

रात्रपाळी | रविवार, दुपारी २:१७

मग बहुतेक वाचलात. विंडोज ११ ला बोर्ड सिक्युअर बूट करू शकणारं लागतं, ते चालू असलंच पाहिजे असं नाही. आणि ते बंद असताना हे आपोआपचं कुलूप लागत नाही. करा पुढे.

कुतूहल | रविवार, दुपारी २:२०

तोवर काकांना प्रश्न. हा ईएफआय विभाग वेगळा हवाच कशाला? पूर्वी असं काही ऐकलं नव्हतं.

जुनाखोड | रविवार, दुपारी २:४४

पूर्वी बायोसला डिस्कवरच्या फाइली वाचता येत नसत. त्याला एकच येत असे: डिस्कचा पहिला सेक्टर उचलायचा, ५१२ बाइट, आणि डोळे मिटून चालवायचा. त्या ५१२ बाइटांतच बूटचा पहिला तुकडा आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात डिस्कच्या विभागांचा तक्ता. चार ओळींचा, कारण पाचवीला जागाच नव्हती. ही एमबीआरची पद्धत १९८३ सालची. त्यात जागेचे क्रमांक ३२ बिटांचे, म्हणून २ टीबीच्या पलीकडचं तिला दिसत नाही. शिवाय तो एक सेक्टर कुणीही खरडून जाई. लिनक्स घातलं की विंडोजचा गेला, विंडोज घातलं की लिनक्सचा गेला.

यूईएफआय आलं तेव्हा बोर्डाला फाइली वाचायला शिकवलं, निदान एफएटीमधल्या. मग खास त्यासाठी एक लहान विभाग राखायचा आणि जिने तिने आपापलं फोल्डर त्यात ठेवायचं, असं ठरलं. व्यवस्था चांगलीच आहे. माझं भांडण फक्त इन्स्टॉलरच्या गप्प बसण्याशी आहे. 'बूटच्या फाइली अमुक डिस्कवर ठेवतोय' अशी एक ओळ पडद्यावर दाखवली असती तर गवंडीभाऊंचा रविवार वाचला असता. माझाही एकदा असाच गेलाय, म्हणून सकाळी सहाला ते लिहिलं होतं.

अवांतर: विंडोज ९५ मी १३ फ्लॉप्यांवरून घातलं आहे. बाराव्या फ्लॉपीवर वाचन बंद पडलं की माणूस काय होतो ते तुम्हा लोकांना कळणार नाही.

हौशी_गवंडी | रविवार, दुपारी ३:०२

विभाग झाला, फॉरमॅट झाला, एस दिलं. बीसीडीबूट मात्र म्हणतंय बूटच्या फाइली कॉपी करता आल्या नाहीत. दोनदा केलं.

चिमटा | रविवार, दुपारी ३:०३

अजून एकदा बाकी आहे.

जुनाखोड | रविवार, दुपारी ३:०५

'डीआयआर' केलंत का?

हौशी_गवंडी | रविवार, दुपारी ३:०९

...नाही. सी असणारच म्हणून सीच लिहिलं. आता पाहिलं तर सी म्हणजे पेनड्राइव्ह, विंडोज डीवर आहे. डी लिहिल्याबरोबर 'बूट फाइली यशस्वीपणे तयार झाल्या' अशी इंग्रजी ओळ आली. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करतोय.

हौशी_गवंडी | रविवार, दुपारी ३:१४

आलं!!! डेस्कटॉप, वॉलपेपर, सगळं जसंच्या तसं. काका, कुठे राहता ते विचारत नाही, इथूनच साष्टांग.

खटपट्या | रविवार, दुपारी ३:४०

माझं चुकलं. त्या १०० एमबीचं कारण न विचारता सांगायला नको होतं. एक्सएमपीवर मात्र मी ठाम आहे.

बिनतारी | रविवार, दुपारी ४:०५

आता कोऱ्या डिस्कवर मिंट! पण काकांनी सांगितलेलं इकडेही लागू आहे बरं का. लिनक्सचे काही इन्स्टॉलरही हाच खोडसाळपणा करतात. तुम्ही साटा डिस्क निवडता आणि बूट लोडर जाऊन बसतो विंडोजच्या ईएफआय विभागात. त्याने बिघडत काही नाही, पण पुढे एक डिस्क काढली की दुसरी लंगडी होते. मिंट घालताना एनव्हीएमई काढून ठेवता आली तर उत्तम. काही बोर्डांत एम.२ चा खाचा (एनव्हीएमई बसते तो) बायोसमधून बंद करता येतो, तो पर्याय शोधा म्हणजे उघडायला नको.

मग दोन किरकोळ गोष्टी. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर 'शट डाऊन' म्हणजे खरं बंद होणं नसतं, अर्धी झोप असते, आणि विंडोजच्या डिस्कवर लिनक्सला लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं. दुसरं म्हणजे, एका सिस्टिममधून दुसरीत गेलात की घड्याळ काही तास चुकलेलं दिसेल. सेल संपलेला नाही. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, दोघं एकमेकांचं पुसून लिहितात. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल'ला एका आज्ञेने सांगता येतं की तूही स्थानिक वेळच धर.

कुतूहल | रविवार, दुपारी ४:२०

वाचनखूण साठवली आहे. आणि ते १ टीबीचं ९३१ का?

रात्रपाळी | रविवार, दुपारी ४:२६

डिस्क बनवणारे दहाच्या पटीत मोजतात, १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत भागतं आणि वर 'जीबी' हेच नाव लावतं. भागाकार करून पाहा, ९३१ आणि थोडे येतात. कुणी चोरत नाही.

हौशी_गवंडी | सोमवार, रात्री १०:५०

मिंट बसलं. माझ्या बोर्डात खाचा बंद करायचा पर्याय सापडला नाही, म्हणून ग्राफिक्स कार्ड काढून एनव्हीएमई उपसली, मिंट घातलं, परत बसवली. आता दोन्ही डिस्कांवर स्वतंत्र ईएफआय विभाग आहेत. खात्री म्हणून आळीपाळीने एकेक काढून दोन्हीकडून बूट करून पाहिलं. सुरू करताना एफ११ दाबलं की कुठली हवी ते विचारतं. घड्याळ बिनतारी म्हणाले तसंच चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. एक्सएमपी लावून मेमटेस्ट चालू आहे, दोन फेऱ्या झाल्या, चूक एकही नाही.

एनव्हीएमईचा स्क्रू मात्र परत हरवलाय. म्हणजे एकूण तीनदा, चिमटाभाऊ, मोजून घ्या.

जुनाखोड | मंगळवार, सकाळी ६:०५

पॉवर सप्लायच्या वरच्या जाळीत पाहिलंत का? ग्राफिक्स कार्ड काढताना पडला असेल तर तिथेच जातो. वीज पूर्ण काढून केस उलटी करा, हलवू नका, नुसती कलती करा. स्क्रू आत राहिला आणि मशीन सुरू केलं तर पुढचा धागा वेगळा काढावा लागेल.

हौशी_गवंडी | मंगळवार, सकाळी ७:३०

तिथेच होता.